‘शेव्र शो’ म्हणजे गरम बकरी नव्हे

मुलीकडे फ्रान्सला, लियॉन शहरात, निघालेल्या एका ताईंनी विचारलंय: “तिथल्या हॉटेलांच्या कार्डावर जिकडेतिकडे ‘आ ला’ दिसतं. त्याचा नेमका अर्थ काय? मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं तर ‘गरम बकरीचं सॅलड’ आणि ‘विणकराचा मेंदू’ असलं काहीतरी येतं. आमचे हे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी मासे-कोंबडी खाते, गोमांस नाही. कार्ड वाचून आमचं आम्हाला ठरवता येईल का?”

बरंचसं येईल. सगळं नाही, काही ठिकाणी विचारावंच लागेल.

आधी ‘आ ला’. पूर्ण रूप ‘आ ला मोद’, म्हणजे अमक्या पद्धतीनं. बोलताबोलता मधला ‘मोद’ गळला. आपल्या ‘पद्धती’सारखाच हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. म्हणून पुढे येणारं विशेषणही स्त्रीलिंगीच राहतं, मग पदार्थाचं लिंग काहीही असो. गंमत अशी की हल्ली कार्डावर ‘आ ला’सुद्धा गाळतात, पण विशेषण चुगली करतं. ‘पूले’ (कोंबडी) हा शब्द पुल्लिंगी, तरी पदार्थाचं नाव ‘पूले बास्केझ’ असं स्त्रीलिंगी विशेषणाचं. म्हणजे मधे न लिहिलेला ‘आ ला’ आहे: बास्क पद्धतीची, टोमॅटो आणि ढोबळी मिरचीतली कोंबडी. याउलट ‘बफ बुर्गिन्यों’मधलं विशेषण पुल्लिंगी, कारण ते थेट ‘बफ’ला, म्हणजे गोमांसाला लागलंय. त्याच पदार्थाला ‘बफ आ ला बुर्गिन्यॉन’ म्हटलं की विशेषण लगेच स्त्रीलिंगी होतं. जेवणाऱ्याला याचा काडीचा उपयोग नाही, पण अशा जागी थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता ही पद्धत म्हणजे कुठली? इथे शब्दकोश हात टेकतो, कारण गावाचं नाव हा पत्ता नसून खूण असते. आपल्याकडची ‘व्हेज कोल्हापुरी’ कोल्हापूरच्या घरांत कुणी रांधत नाही. ते नाव म्हणजे लाल, झणझणीत रस्सा एवढंच. तसंच फ्रेंच कार्डावर ‘फ्लोराँतीन’ (फ्लोरेन्सची) दिसलं की पालक, ‘लियॉनेझ’ म्हणजे परतलेला कांदा, ‘प्रोव्हाँसाल’ म्हणजे टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्हचं तेल, ‘नॉर्मांद’ म्हणजे साय-लोणी, कधी सफरचंद किंवा सफरचंदाची दारू. ‘फोरेस्तिएर’ (रानातली) म्हणजे अळंबी. ‘मनियेर’ म्हणजे गिरणीवाल्याची बायको. तिच्या नावाचा मासा पिठात घोळवून लोण्यात तळलेला असतो. पॅरिसजवळचं आर्जाँतय अस्पॅरॅगससाठी प्रसिद्ध, म्हणून ते नाव दिसलं की अस्पॅरॅगस. ‘क्रेसी’ म्हणजे गाजर, ‘सँ-जेर्मँ’ म्हणजे मटार. ‘द्यु बारी’ म्हणजे फ्लॉवर. पंधराव्या लुईच्या लाडक्या आणि 1793 मध्ये गिलोटीनखाली गेलेल्या मादाम द्यु बारीच्या नावे आता फ्लॉवरचं सूप उरलंय.

‘पारमाँतिए’वर थोडं रेंगाळायला हवं. ऑँत्वान-ओग्युस्तँ पारमाँतिए (1737–1813) हे सैन्यातले औषधतज्ज्ञ. सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत त्यांना बटाटा खावा लागला. फ्रान्समध्ये तेव्हा तो जनावरांचं खाणं समजला जाई. सुटून आल्यावर त्यांनी बटाट्याचा ध्यास घेतला आणि 1772 साली पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठानं बटाटा खाण्याजोगा असल्याचा निर्वाळा दिला. म्हणून कार्डावर त्यांचं नाव म्हणजे बटाटा. पण ताई, इथेच एक खड्डा आहे. सुपापुढे ‘पारमाँतिए’ असेल तर बटाटा आणि लीक (कांद्याच्या कुळातली एक भाजी). ‘आशी पारमाँतिए’ असेल तर वरती बटाट्याचा मऊ थर आणि खाली खिमा, तोही बहुधा गोमांसाचा.

ही नावं एकोणिसाव्या शतकातल्या बड्या हॉटेलांनी रूढ केली आणि नामवंत फ्रेंच आचारी एस्कोफिए यांच्या 1903 सालच्या पाकग्रंथानं ती पक्की केली. आचारी, वेटर आणि नेहमीचं गिऱ्हाईक, तिघांना ती पाठ असत. आजच्या साध्या हॉटेलात फळ्यावर खडूनं लिहिलेल्या यादीत त्यातली मोजकीच भेटतात, तेव्हा घोकंपट्टी करू नका. त्यापेक्षा जोडणाऱ्या छोट्या शब्दांकडे लक्ष द्या.

‘द’ म्हणजे कशाचं. ‘आ’ किंवा ‘ओ’ म्हणजे कशासाठी, कशाच्या चवीचं, कशासोबत. ‘व्हेर द व्हँ’ हा वाइननं भरलेला पेला, ‘व्हेर आ व्हँ’ हा वाइनसाठीचा पेला. तो रिकामाही असू शकतो. कार्डावर हा फरक कामाला येतो. कांद्याच्या प्रसिद्ध सुपाचं नाव ‘सूप आ लोन्यों’. यातल्या ‘आ’नं कांद्याची हमी दिली, पाण्याची नाही. पारंपरिक कृतीत ते पाणी म्हणजे गोमांसाच्या हाडांचा अर्क असतो. नाव शंभर टक्के खरं, तरी तुमच्या दोघांनाही ते चालायचं नाही. आणि ‘फासों’ दिसलं, की आचाऱ्यानं स्वातंत्र्य घेतलंय असं समजा: अमक्यासारखं, पण अमकं नव्हे.

आता तुमची बकरी. ‘शेव्र’ म्हणजे बकरी आणि ‘शो’ म्हणजे गरम, भाषांतर शब्दाला शब्द बरोबर. पण कार्डावर नुसतं ‘शेव्र’ लिहिलं की ते बकरीच्या दुधाचं चीज. ‘सालाद द शेव्र शो’ म्हणजे पावाच्या कापांवर भाजलेलं चीज आणि खाली हिरवी पानं. वरून लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, पेरलेले नाहीत ना एवढं विचारून घ्या.

विणकराचा मेंदू तर खास लियॉनचा. ‘सेर्व्हेल’ म्हणजे भेजा, ‘कान्यू’ म्हणजे तिथला रेशीम विणणारा कामगार. क्र्वा-रूस टेकडीवर यांचे माग होते. 1831 आणि 1834 साली मजुरीसाठी याच लोकांनी शहर हादरवलं. ‘सेर्व्हेल द कान्यू’मध्ये भेजा औषधालाही नाही. ताजं मऊ चीज, त्यात चिरलेली हिरवी पानं, शॅलट कांदा, लसूण, तेल, व्हिनेगर. त्याच टेकडीच्या नावानं ‘काव्हियार द ला क्र्वा-रूस’ मिळतं. काव्हियार म्हणजे माशाची महागडी अंडी, आणि ताटलीत येतं मसुराचं सॅलड. ‘काव्हियार दोबेर्जीन’ तर सरळसरळ थंड वांग्याचं भरीत, फोडणीऐवजी ऑलिव्हचं तेल. ‘ओबेर्जीन’ हा शब्दही आपल्याकडूनच फिरत गेलाय: संस्कृत ‘वातिंगण’, मग फारसी, अरबी, कॅटलान आणि शेवटी फ्रेंच.

उलटी फसगत जास्त महागात पडते. ‘न्वा’ म्हणजे अक्रोड, पण ‘न्वा द व्हो’ हा वासराच्या मांडीचा तुकडा आणि ‘न्वा द सँ-जाक’ हा समुद्री शिंपलीतला मांसाचा गोळा. ‘न्वाझेत’ म्हणजे हेझलनट, तर ‘न्वाझेत दान्यो’ म्हणजे कोकराच्या मांसाच्या गोल चकत्या. ‘गातो’ म्हणजे केक, म्हणून ‘गातो द फ्वा द व्होलाय’ मागवाल तर कोंबडीच्या कलेजीची वाफवलेली वडी येईल. ‘फ्रेझ’ म्हणजे स्ट्रॉबेरी, पण ‘फ्रेझ द व्हो’ हा वासराच्या आतड्यांना धरून ठेवणारा झालरीसारखा पडदा. लियॉनच्या ‘आँदुयेत’ या सॉसेजचा जीव त्यात. गाईगुरांच्या मेंदूच्या रोगामुळे युरोपात त्यावर बंदी होती, ती 2015 मध्ये उठली. ‘ताब्लिए द सापर’ (सैनिकाचा एप्रन) म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेली वजडी.

यातली सगळ्यात चकवणारी जोडी उच्चाराची आहे. ‘री’ म्हणजे भात आणि ‘री’ म्हणजे वासराच्या गळ्याजवळची थायमस ग्रंथी. उच्चारात तसूभर फरक नाही. लिहिताना भाताच्या शेवटी झेड हे अक्षर, ग्रंथीच्या शेवटी एस. वेटरनं तोंडी सांगितलं तर पुढचे शब्द ऐका: ‘री ओ ले’ म्हणजे तांदळाची खीर, ‘री द व्हो’ म्हणजे ती ग्रंथी. ‘ओ’ आणि ‘द’ पुन्हा इथे उपयोगी पडले.

गोमांस टाळायचं असेल तर नुसता ‘बफ’ शोधून भागत नाही. ‘व्हो’ म्हणजे वासरू, ‘जेनिस’ म्हणजे कालवड. शिवाय काही कापांच्या नावात जनावराचा उल्लेखच नसतो, कारण फ्रेंच माणसाला तो सांगावा लागत नाही: आँत्रकोत, ओंग्ले, बाव्हेत, फो-फिले, तुर्नदो. पुढे काहीच लिहिलं नसेल तर हे सगळं गाईबैलाचंच. नुसतं ‘तार्तार’ म्हणजे तर कच्चं गोमांस. ‘तार्तार द सोमों’ असेल तर कच्चा सामन मासा. कोंबडी मागवली तरी तिच्या सॉसमध्ये ‘फों द व्हो’, म्हणजे वासराच्या हाडांचा अर्क, असू शकतो. तो कार्डावर लिहीत नाहीत.

यजमानांसाठी ‘व्हियाँद’ हा शब्द नीट समजून घ्या. लॅटिन ‘व्हिव्हेंदा’, म्हणजे जगण्यासाठी लागणारं ते, अशी त्याची व्युत्पत्ती. जुन्या फ्रेंचमध्ये कुठल्याही अन्नाला तो चाले, पुढे आक्रसत मांसापुरता उरला. आजच्या बोलण्यात त्यात मासे धरत नाहीत, आणि हॅम किंवा लार्दोंही पुष्कळांच्या डोक्यात त्याच्या बाहेर राहतात. ‘व्हियाँद नको’ एवढंच म्हणालात तर समोरचा भला माणूस खुशाल मासा सुचवेल. म्हणून यादीच द्या: ‘साँ व्हियाँद, साँ प्वासों, साँ लार्दों, साँ झ’ (मांस, मासा, लार्दों, अंडं यांशिवाय). ‘प्वासों’तला ‘स’ स्पष्ट काढा, ‘झ’ झाला की मासा विष होतो.

कार्डाच्या मागं किंवा वेगळ्या वहीत अॅलर्जीची यादी असते, ती मागून घ्या. डिसेंबर 2014 पासून युरोपीय संघात 14 घटकांची माहिती देणं हॉटेलांना बंधनकारक आहे. त्यात अंडं, मासे, दूध, कवचधारी प्राणी येतात, त्यामुळे अंड्याचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. मांस मात्र त्या चौदांत नाही.

मग यजमानांनी खायचं काय? लियॉनच्या जुन्या पद्धतीच्या ‘बुशों’ खानावळींत खरं सांगायचं तर फारसं काही नाही. तिथलं ‘सालाद लियॉनेझ’सुद्धा लार्दों आणि अंड्याचं, इथे ‘लियॉनेझ’ म्हणजे कांदा नव्हे, लियॉनचं सॅलड. वर सांगितलेला विणकराचा मेंदू मिळेल, पण चीज घट्ट करायला पुष्कळदा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ते चालत नसेल तर चीजची सगळी पानं सोडावी लागतील. शेजारच्या दोफिने प्रांताचा ‘ग्रातँ दोफिन्वा’ हा बटाटा, दूध, साय आणि लसणाचा. जुन्या कृतीत चीज नाही, अंडंही नाही, पण काही जण दोन्ही घालतात, म्हणून विचारा. ‘पोम दोफिन’शी त्याची गल्लत करू नका, त्या तळलेल्या गोळ्यांत अंडं असतं. आणि हो, कार्डावर नुसतं ‘पोम’ असेल तर पुष्कळदा ते सफरचंद नसून ‘पोम द तेर’, म्हणजे बटाटा असतो.

दोन छोट्या गोष्टी. ‘मन्यू’ म्हणजे ठरलेल्या किमतीचं ठरलेलं जेवण. यादी हवी असेल तर ‘ला कार्त’ मागा, नाहीतर दोन-तीन पदार्थांचं ताट गळ्यात पडेल. आणि ‘आँत्रे’ हा सुरुवातीचा पदार्थ. मुख्य पदार्थाला ‘प्ला’ म्हणतात. अमेरिकेत राहून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तिकडे तोच शब्द मुख्य पदार्थाला लावतात.

गोडाच्या पानावर ‘बाव्हार्वा’, ‘पाना कोता’ किंवा ‘ब्लाँ-माँजे’ दिसलं तर आधी ‘झेलातीन?’ (जिलेटिन, जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढलेलं) एवढा एकच शब्द प्रश्नार्थक सुरात विचारा. ‘सोर्बे’मध्ये सहसा फळ, साखर आणि पाणीच असतं.