वाचकांचे प्रश्न : माहिती बरोबर, जागा चूक

प्रश्न : मी एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नेहमी वापरतो. त्याच्या डॉक्समध्ये, म्हणजे माहितीपानांत, लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण जिथे हवं तिथे नाही. इन्स्टॉल करण्याची एक आवश्यक पायरी 'प्रगत वापर' या प्रकरणात, सेटिंग्जची लांबलचक यादी ट्युटोरियलच्या मध्यावर, आणि जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर कसं जायचं ते 'नेहमीचे प्रश्न' या पानात. मी पानं हलवली, भाषा सुधारली, मथळे बदलले आणि सगळं एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) पाठवलं. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, म्हणाले, "चांगलं दिसतंय, पण तपासायला अवघड आहे." त्यानंतर शांतता. आता काय करू?

उत्तर : मेंटेनरांनी टाळाटाळ केली असं समजू नका. तुमच्या रिक्वेस्टमध्ये त्यांना काय दिसलं असेल, ते आधी पाहा. फाइलचं नाव किंवा जागा बदलली याची वेगळी नोंद गिट (बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) ठेवतच नाही. दाखवताना तो जुना आणि नवा मजकूर ताडून पाहतो आणि निदान 50 टक्के साम्य असेल तरच 'फाइल हलवली' असं म्हणतो. पान हलवताना तुम्ही अर्ध्याहून जास्त वाक्यंही बदललीत, की त्याला एक फाइल पुसलेली आणि दुसरी नवीन आलेली दिसते. म्हणजे तपासणाऱ्याने प्रत्येक ओळ नव्याने वाचायची, आणि त्यात एखादी सूचना गळली तर कळायला मार्ग नाही. माझ्याकडे अशी रिक्वेस्ट आली तर मीही ती बाजूलाच ठेवते.

तेव्हा ती बंद करा आणि काम तोडून पाठवा. आधी फक्त हलवाहलव, एका शब्दालाही हात न लावता. 'हे वाक्य फारच वाईट आहे, जाता जाता सुधारतो' हा मोह होईलच, तो आवरा. भाषेची दुरुस्ती पुढच्या रिक्वेस्टमध्ये. फाइल हलवण्याच्या कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदवलेले बदल) फार तर आतल्या लिंक दुरुस्त कराव्यात, कारण त्या केल्या नाहीत तर लिंक तुटतील.

त्याच्याही आधी एक इश्यू (प्रकल्पाकडे अडचणीची नोंद) उघडा. 'मांडणी विस्कळीत आहे' असं त्यात लिहू नका. ज्यांनी ती मांडणी केली त्यांना ती विस्कळीत वाटत नाही. त्यांना सगळं कुठे आहे ते पाठ असतं, हीच तर अडचण. वाचकाची वाट लिहा : मला आवृत्ती बदलायची होती, 'इन्स्टॉल' उघडलं, तिथे नव्हतं, 'सेटिंग्ज' पाहिलं, तिथेही नव्हतं, शेवटी शोधपेटीतून 'नेहमीचे प्रश्न' सापडलं. जुन्या इश्यूंमध्ये हाच प्रश्न आणखी कुणी विचारला असेल तर त्याची लिंक जोडा. यावर वाद घालणं कठीण असतं.

कुठलं पान कुठे जावं, यासाठी दानिएले प्रोचिदा यांची डायाटॅक्सिस ही पद्धत कामाची आहे. शिकवणारं ट्युटोरियल, एखादं काम कसं करायचं ते सांगणारी कृती, संदर्भासाठीची यादी आणि 'असं का' हे समजावणारं विवेचन, हे चार प्रकार ती वेगळे ठेवते. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या डॉक्समध्येही साधारण अशीच विभागणी आहे आणि ती पहिल्याच पानावर सांगितली आहे. पण म्हणून चार रिकामे फोल्डर करून त्यात सगळं कोंबायला निघू नका. तुमच्या बाबतीत सेटिंग्जची यादी ट्युटोरियलमधून काढून तिचं वेगळं पान केलं, तरी शिकणाऱ्याचा श्वास मोकळा होईल. पहिली रिक्वेस्ट तेवढीच असू दे.

आता पानांच्या वेब पत्त्यांचं. जुन्या पानाची लिंक लोकांनी चर्चांत, पुस्तकांत, कोडमधल्या टिपांत दिलेली असते. लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, 2016 साली डॉक्युमेंटेशनची मोठी हलवाहलव केली, तेव्हा कोड कसा लिहावा ते सांगणारी कोडिंगस्टाइल ही फाइल प्रोसेस नावाच्या फोल्डरात गेली. जुन्या जागी मात्र 'ही फाइल अमुक ठिकाणी हलवली आहे' एवढंच सांगणारी छोटी फाइल त्यांनी ठेवली. तुमच्या साइटवर रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणं) करता येत असेल तर उत्तमच. मथळे बदलताना दुप्पट जपा : मथळ्यावरून आपोआप बनलेला अँकर (पानातल्या त्या जागेचा पत्ता) मथळ्याबरोबर बदलतो, मग पान उघडतं पण वाचक भलत्याच ठिकाणी उतरतो. प्रकल्प स्फिंक्स (डॉक्सची पानं तयार करणारं साधन) वापरत असेल तर मथळ्याच्या वर स्वतंत्र लेबल द्या आणि लिंक त्या लेबलला जोडा. फाइल कुठेही गेली तरी डॉक्समधल्या लिंक टिकतात.

स्फिंक्सच्या धोक्याच्या सूचना (वॉर्निंग) चुकांइतक्याच कडक करण्यासाठी मायनस डब्ल्यू हा पर्याय आहे, तो लावून बिल्ड करा, म्हणजे पानं तयार करा. कुठल्याच अनुक्रमणिकेत नसलेली पोरकी पानं त्यात लगेच उघडी पडतात. पोरकं पान दिसलं की आनंद माना. ते जोडण्यावर सहसा कुणाचा आक्षेप नसतो, आणि त्यातून मेंटेनरांशी ओळखही होते.

डॉक्सची भाषांतरं असतील तर त्या मंडळींना आधी कळवा. मजकूर एका फाइलमधून दुसरीत गेला की गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या नव्या पीओ फाइलमध्ये (मूळ वाक्यं आणि त्यांचे अनुवाद ठेवणारी फाइल) ती वाक्यं अनुवाद न झालेली दिसतात. गेटटेक्स्टमधल्या एमएसजीमर्ज या प्रोग्रामला कॉम्पेंडियम (जुन्या अनुवादांचा साठा) म्हणून जुनी पीओ फाइल दिली की अनुवाद परत मिळतात. ते न सांगता हलवाहलव झाली की भाषांतरकार चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

प्रश्न : एकच माहिती दोन पानांवर आहे आणि दोन्हीकडे थोडी वेगळी आहे. कुठली काढावी?

उत्तर : आधी कोड चालवून कुठली खरी ते पाहा. जास्त नीट लिहिलेली म्हणजे खरी, असं नसतं. मग खरी माहिती संदर्भाच्या पानावर ठेवा, कारण कोड बदलणारा माणूस बदल करायला तिथेच जातो. दुसऱ्या पानावर लिंक पुरे. अपवाद ट्युटोरियलचा : तिथे शिकणाऱ्याला पानाबाहेर धाडू नका. लागते ती एक आज्ञा तिथे पुन्हा लिहिलेली चालते, पर्यायांची अख्खी यादी नाही.