वाचकांचे प्रश्न : आंब्याच्या फांदीची जादूची कांडी

प्रश्न : वळवाच्या पावसात आमच्या आजोळच्या अंगणातील रायवळ आंब्याची मनगटाएवढी जाड फांदी मोडून पडली. माझ्या भाचीचा आठवा वाढदिवस सप्टेंबरअखेरीस आहे आणि तिला जादूच्या गोष्टींचे वेड आहे. याच फांदीची जादूची कांडी स्वतःच्या हाताने घडवून तिला द्यावी, असे मनात आहे. घरी करवत, कोयता, चाकू आणि पॉलिश पेपर आहे. सुतारकामाचा अनुभव मात्र नाही. हे जमेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : जमेल, पण एखादी बारीक डहाळी सोलून तिचीच कांडी करण्याचा मोह टाळावा. फांदीच्या मध्यभागी गाभा असतो. वाळताना लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे आकसते आणि या ओढाताणीत अखंड गोल फांदी बहुधा उभी तडकते. म्हणून मोडलेल्या फांदीतून चाळीस सेंटीमीटर लांबीचा सरळ, बिनगाठीचा तुकडा कापून घ्यावा, कोयता टेकवून त्यावर लाकडी ठोकळ्याने ठोके देत तो उभा चिरावा, त्याच्या चार फाका कराव्यात आणि प्रत्येक फाकेचा गाभ्याकडील कोपरा तासून टाकावा. करवतीने उभे कापण्यापेक्षा चिरणे चांगले, कारण चिरताना लाकूड आपल्या तंतूंच्या रेषेनेच फाटते. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहिल्या, तर बारीक टोकही सहसा मोडत नाही. कांडी टिकणार की नाही हे बहुतांशी येथेच ठरते, आणि हौशी मंडळी घाई करतात तीही नेमकी येथेच.

साल त्याच दिवशी काढावी, कारण सालीखाली किडीला आसरा मिळतो आणि आंब्याच्या लाकडाला कीड व बुरशी लवकर लागते. आंब्याच्या चिकाने अनेकांच्या त्वचेवर पुरळ येते, तेव्हा हातमोजे घालावेत. दोन्ही टोकांना वितळलेले मेण लावावे. टोकांतून ओल फार वेगाने निघून जाते आणि चिरा तेथूनच सुरू होतात. फाका घरात सावलीत, हवा खेळती राहील अशा रीतीने आडव्या ठेवाव्यात. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा फळ्यांसाठी ठीक आहे. बोटभर जाडीच्या फाकेला एवढा काळ लागत नाही. दर आठवड्याला ती स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावी आणि वजन उतरायचे थांबले की कामाला घ्यावी. पावसाळी हवेत लाकूड पूर्ण कोरडे होत नाही आणि एखादी फाक वाकूही शकते, म्हणून चारही फाका वाळवाव्यात आणि त्यांतील सर्वांत सरळ राहिलेली निवडावी.

लांबीचे माप भाचीच्याच हाताचे घ्यावे : कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुठीकडे जाडी सुमारे दोन सेंटीमीटर आणि टोकाशी एक सेंटीमीटर असावी. टोक याहून बारीक करू नये आणि ते अर्धगोल घासावे. थेट गोल तासायला गेल्यास कांडी हमखास वेडीवाकडी होते. आधी निमुळता चौकोन करावा, मग त्याच्या चारही कडा मारून अष्टकोन, पुन्हा कडा मारून सोळा बाजू, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर हाती घ्यावा. चाकू जाड भागाकडून बारीक टोकाकडे आणि शरीरापासून दूर चालवावा. तो लाकडात रुतू लागला, तर त्या जागी उलट दिशेने तासावे. पेपर ८०, १२० आणि २२० क्रमांकाचा, याच क्रमाने वापरावा. शेवटी ओलसर फडके फिरवून कांडी वाळू द्यावी, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात, आणि २२० चा हात पुन्हा एकदा द्यावा. घासताना मास्क लावावा.

भाचीच्या नावासाठी मुठीवरील अष्टकोनाची एक बाजू गोल न करता सपाटच राखावी. कोरण्यापेक्षा तापलेल्या टोकाने अक्षरे डागणे नवख्याला सोपे जाते. त्यासाठी सोल्डरिंग आयर्न चालेल. मात्र त्याचे टोक कोरे हवे, कारण वापरलेल्या टोकावर सोल्डरमधील शिसे असू शकते. मणी, चमकी आणि दिवे लावण्याचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. आजोळचे झाड, तिच्या हाताचे माप आणि तिचे नाव एवढे त्या कांडीत आहे.

प्रश्न : मूल वस्तू तोंडात घालते. कांडीला रंग किंवा पॉलिश कोणते लावावे? घरातील खोबरेल तेल चालेल का?

उत्तर : खोबरेल, शेंगदाणा किंवा तिळाचे तेल लावू नये, ही तेले लाकडावर सुकून घट्ट होत नाहीत, त्यांना खवट वास येतो आणि धूळ चिकटते. जवसाचे तेल सुकते, पण ते साधे घ्यावे. रंगाच्या दुकानातील उकळलेल्या तेलात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ते मोकळे पसरून वाळवावे.

माझी पहिली पसंती लाखेला आहे. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाकडी खेळणी रंगवताना कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळलेली लाख लाकडावर पसरते. घरी चरक (लाकूड फिरवण्याचे यंत्र) नसला, तरी चपडा लाख, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून मऊ फडक्याने तिचे तीन-चार पातळ हात देता येतात. स्पिरिट पेटते, तेव्हा जवळ शेगडी वा उदबत्ती नसावी. ते पूर्ण उडून गेल्यावर उरणारी लाख गोळ्या-मिठायांना चकाकी आणण्यासाठीही वापरतात. नाव मात्र लाख देण्यापूर्वीच डागून घ्यावे.

प्रश्न : घरात दोन वर्षांचा धाकटा भाऊही आहे. त्याच्यासाठी छोटी कांडी करावी का?

उत्तर : करू नये. त्या वयाचे मूल हातातील काठी तोंडात धरून धावते आणि पडते. त्याला सावंतवाडीची लाकडी फळे द्यावीत. मात्र ती त्याच्या मुठीपेक्षा मोठी असावीत आणि देठ ओढून निघत नाही ना, हे देण्यापूर्वी पाहून घ्यावे.