कोल्हापुरातल्या सातवीतल्या मुलाला 'दाखला घेऊन जा' असं शाळा सांगू शकते का?

नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा मिळाली, काढण्याची नाही. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर हा कायदा लागू नाही, ते आधी बघा.

घोळ होतो तो अर्जात. शाळा पालकाकडूनच 'स्वेच्छेने दाखला मिळावा' असं लिहून घेते. मग कागदावर मुलगा स्वतःहून गेलेला असतो. १९१७ साली सक्तीचं मोफत शिक्षण आणणाऱ्या शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तरी त्या ओळीखाली घाबरून सही करू नका. उलट 'कारण लेखी द्या' असा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ती प्रत जोडून शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे, गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा. कलम ३२ प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील.

मराठी विषय सक्तीचा आहे का आणि न शिकवल्यास दंड कोणाला, हेही विचारलंत: महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने तो सीबीएसईसह सगळ्या मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे. न शिकवल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत, आणि तो शाळेच्या व्यवस्थापकीय प्रमुखाला, पालकाला नव्हे.