वाचकांचे प्रश्न : स्टेअरिंगमधला प्ले आणि व्हेरिएबल रेशोचा अनुभव

प्रश्न : मी नुकतीच व्हेरिएबल रेशो, म्हणजे बदलत्या गुणोत्तराचे, स्टेअरिंग असलेली एक वापरलेली सेडान घेतली आहे. याआधी माझ्याकडे साधी हॅचबॅक होती. महामार्गावर कागलच्या दिशेने जाताना स्टेअरिंग मध्यभागी थोडे हलवले, तर गाडी लगेच दाद देत नाही. याउलट गल्लीत गाडी वळवताना स्टेअरिंग जरा फिरवले की ती अपेक्षेपेक्षा जास्त वळते. एका गॅरेजमध्ये ‘रॅक ढिला आहे, स्क्रू आवळून देतो’ असे सांगितले, तर दुसरीकडे ‘तीसपर्यंतचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नियमात बसतो, काळजी करू नका’ असे सांगितले. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नागाळा पार्क, कोल्हापूर

उत्तर : मोजमाप होईपर्यंत दोघांचेही ऐकू नये, असे मला वाटते. आपण वर्णन केलेल्या दोन अनुभवांपैकी दुसरा तर निश्चितच दोष नाही, आणि पहिलाही बहुधा रचनेचाच भाग असावा. परंतु गाडी वापरलेली असल्यामुळे खात्री करून घेणे आवश्यक आहे.

साध्या स्टेअरिंगमध्ये रॅकचे, म्हणजे सरकून पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याचे, सर्व दाते एकसारखे असतात, त्यामुळे पिनियनच्या, म्हणजे स्टेअरिंगबरोबर फिरणाऱ्या छोट्या गिअरच्या, प्रत्येक फेऱ्याला रॅक तेवढाच सरकतो. व्हेरिएबल रेशोच्या यांत्रिक प्रकारात मात्र रॅकच्या दात्यांचा आकार आणि त्यांच्यातील अंतर मध्यापासून टोकांकडे बदलत जाते. असा रॅक हातात घेऊन पाहिला, तर मधले दाते जवळजवळ आणि कडेचे दाते पसरट दिसतात. त्यामुळे मध्यभागी पिनियनच्या एका फेऱ्याला रॅक समजा ४५ मिलिमीटर सरकत असेल, तर टोकाकडे त्याच फेऱ्याला ६० मिलिमीटरपर्यंत सरकू शकतो. सरळ रस्त्यावर हात थोडा हलला तरी गाडीने भरकटू नये, आणि वळवताना मात्र चालकाला स्टेअरिंगचे फेरे कमी घ्यावे लागावेत, हा त्यामागचा हेतू आहे. या प्रकारच्या रॅकच्या विकासात ऑस्ट्रेलियन अभियंते आर्थर बिशप यांचा मोठा वाटा आहे. यात गाडीच्या वेगाचा काहीही संबंध नसतो. स्टेअरिंग किती फिरवले आहे, एवढ्यावरच सर्व अवलंबून असते.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक असून त्यात वेगानुसार गुणोत्तर, म्हणजे चाक एक अंश वळवायला स्टेअरिंग किती अंश फिरवावे लागते तो रेशो, बदलते. होंडाने २००० साली एस२००० च्या एका आवृत्तीत, आणि बीएमडब्ल्यूने २००३ च्या फाइव्ह सिरीजमध्ये अशी रचना दिली. बीएमडब्ल्यूच्या रचनेत स्टेअरिंगच्या दांड्यावर ग्रहमाला गिअर आणि विजेची मोटर बसवलेली होती; हळू चालताना गुणोत्तर साधारण १०:१, तर वेगात २०:१ च्या आसपास जात असे. यंत्रणा बंद पडली तरी यांत्रिक जोड कायम राहत असे, हे मुद्दाम सांगतो, कारण अनेकांना त्याचीच भीती वाटते. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे तिच्या पुस्तिकेवरून पाहून घ्यावे.

आता प्लेविषयी. स्टेअरिंग फिरते, पण पुढची चाके अजिबात हलत नाहीत, तेवढाच प्ले. चाके हलतात पण कमी हलतात, तो रेशोचा परिणाम. हा फरक हाताला सहज कळत नाही, म्हणून तो मोजावा लागतो. गाडी सपाट जागी चाके सरळ ठेवून उभी करावी आणि इंजिन चालू ठेवावे. पॉवर स्टेअरिंगमध्ये एक बारीक पिळदार दांडा, म्हणजे टॉर्शन बार, असतो. इंजिन बंद असताना स्टेअरिंग हलवले की तो पिळतो आणि ती पीळ प्ले असल्यासारखी वाटते. स्टेअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यासमोर मोजपट्टी धरावी, मग दोन बोटांनी अगदी हळू डावीकडे आणि उजवीकडे फिरवावे, आणि दुसऱ्या माणसाने पुढच्या चाकाकडे पाहून ते हलू लागताच सांगावे. दोन्ही बाजूंच्या खुणांमधील अंतर म्हणजे आपला प्ले. अनेक छोट्या-मध्यम गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मर्यादा स्टेअरिंगच्या कडेवर ३० मिलिमीटरपर्यंत दिलेली असते. आपल्या गाडीचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घ्यावा.

दुसऱ्या गॅरेजने सांगितलेला ‘तीस’ हा आकडा निराळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ मध्ये ३० अंशांची मर्यादा आहे. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ३० मिलिमीटर म्हणजे जेमतेम ९ अंश होतात, तर ३० अंश म्हणजे कडेवर जवळजवळ १० सेंटिमीटर. इतका प्ले असलेली मोटार महामार्गावर चालवणे मी कोणालाही सुचवणार नाही. नियमातील मर्यादा सर्व प्रकारच्या वाहनांसाठी, अवजड वाहनांसह, घातलेली आहे. ती चांगल्या स्थितीची खूण नव्हे. त्याच नियमात स्टेअरिंगच्या बॉल जॉइंटवर, म्हणजे गोल डोक्याच्या सांध्यांवर, रबरी टोप्या असाव्यात असेही म्हटले आहे, आणि तिकडे मात्र गॅरेजमध्ये कोणी फारसे पाहत नाही.

व्हेरिएबल रेशोच्या गाडीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. समजा, टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा, झिजून चाकापाशी ०.३ अंशाचा ढिलेपणा आला आहे. रेशो १८:१ असेल, तर तोच ढिलेपणा ३८ सेंटिमीटरच्या स्टेअरिंगवर सुमारे १८ मिलिमीटर दिसेल; १२:१ असेल, तर सुमारे १२ मिलिमीटर. म्हणजे सांधा तोच, झीज तीच, तरीही मध्यभागी प्ले जास्त जाणवतो आणि वळल्यावर नाहीसा झाल्यासारखा वाटतो. रॅक मध्यभागीच झिजला आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो, त्याचे एक कारण हेही आहे.

म्हणून स्क्रू आवळण्याआधी बाकीचे सांधे तपासावेत. चालकाने स्टेअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि मेकॅनिकने खालून प्रत्येक टाय रॉड एंडवर, एक बोट बॉलच्या घरावर आणि एक त्याच्या खालच्या आधारावर येईल, अशी बोटे टेकवावीत. सांधा ढिला असेल, तर डोळ्यांना काही दिसण्यापूर्वीच बोटाला बारीक ‘टक’ जाणवतो. रबरी बूट, म्हणजे सांध्यावरची टोपी, फाटला असेल, तर आत ग्रीसऐवजी पावसाळ्यातील मातीचा काळा लगदा सापडतो, आणि तो पॉलिश पेपरसारखा बॉल झिजवत राहतो. त्यानंतर रॅकच्या आतले सांधे, स्टेअरिंग कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट आणि रॅकला बॉडीवर धरणारे रबरी बुश पाहावेत. टायरमधली हवा आणि अलाइनमेंट सर्वांत आधी पाहावी, कारण हवा कमी असली तरी स्टेअरिंग असेच सुस्त वाटते.

रॅकच्या पाठीमागचा स्क्रू स्प्रिंगच्या आधाराने रॅकला पिनियनवर दाबून ठेवतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्यामुळे रॅकचे मधले दाते आधी झिजतात. तो ढिलेपणा जाईपर्यंत स्क्रू आवळला, की न झिजलेल्या कडेच्या दात्यांवर पिनियन अडकू लागते आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही. महामार्गावर सुस्त वाटणारी गाडी त्या उपायाने घाटात धोकादायक होऊ शकते. स्क्रू हलवायचाच असेल, तर मॅन्युअलमधील टॉर्क (आवळण्याचा जोर) आणि पद्धत पाळून, आणि नंतर स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे हलके फिरते का, हे पाहूनच.

प्रश्न : गगनबावड्याकडून करूळ घाट उतरताना याच प्रकारच्या गाडीचे नाक वळणाच्या आतल्या कडेकडे जाते. काय करावे?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : गाडी ठीक आहे, हाताची सवय बदलावी लागेल. स्टेअरिंग मध्यापासून दूर गेले की ते जलद होते. जुन्या गाडीच्या अंदाजाने तेवढेच फिरवले की वळण जास्त घेतले जाते, मग चालक घाईने परत सोडतो आणि गाडी झोके खाते. वळणाआधी वेग कमी करावा, हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी ठेवावेत आणि स्टेअरिंग एका संथ ओघात फिरवावे. आधी एखाद्या मोकळ्या मैदानात सराव केल्यास उत्तम.

प्रश्न : माझ्या गाडीचा रॅक खरोखरच झिजला आहे. नवा फार महाग आहे. उद्यमनगरात तो बनवून घेता येईल का, किंवा त्याच मॉडेलच्या खालच्या आवृत्तीचा साधा रॅक बसवता येईल का?
— एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांच्या हाताबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि शेतीच्या यंत्रांचे अनेक भाग तेथे उत्तम होतात. तरीही माझे उत्तर नाही असेच आहे. साध्या रॅकचे दाते नेहमीच्या कटरने कापता येतात, कारण सर्व दाते सारखे असतात. व्हेरिएबल रॅकमध्ये जवळजवळ प्रत्येक दात्याचा आकार वेगळा असतो, आणि त्यासाठी खास डायमधील फोर्जिंग किंवा तेवढ्याच कामासाठी केलेली यंत्रे लागतात. जुन्या रॅकवर वेल्डिंगने भर घालून दाते घासणे तर मुळीच करू नये. उष्णतेने दात्यांची कठिणता जाते, आणि तो भाग तुटला तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही.

साधा रॅक जागेवर बसेलही, पण गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल असेल, तर ती यंत्रणा स्टेअरिंगच्या कोनावरून चालकाला किती वळायचे आहे याचा हिशेब करते आणि तो हिशेब मूळ गुणोत्तरावर बेतलेला असतो. गुणोत्तर बदलले, की गाडी ठीक वळत असतानाही यंत्रणेला ती घसरते आहे असे वाटू शकते, आणि ती नको तिथे ब्रेक लावू शकते. खर्च वाचवायचा असेल, तर गाडीच्या चेसिस क्रमांकावरून नेमका पार्ट नंबर काढून त्याच क्रमांकाचा, सर्व बूट शाबूत असलेला वापरलेला रॅक शोधावा. तो बसवण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड नवे घालावेत, आणि बसवल्यावर अलाइनमेंटबरोबर स्टेअरिंग अँगल सेन्सरचे शून्य पुन्हा लावून घ्यावे.