जिनिंग सांभाळायचं आणि लग्नही करायचं

प्रिय मुली,

तू लिहितेस : वय २७, पांढरकवड्याजवळ वडिलांचं जिनिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणारा कारखाना), त्यांना अर्धांगवायू झाल्यापासून सगळा कारभार तुझ्याकडे. नागपुरात नोकरी करणारा मुलगा दोन हंगाम तुझ्यासाठी थांबलाय. त्याच्या आईला सून नागपुरातच हवी. काका म्हणतात, ‘पोरीची जात, उद्या जाशीलच, आताच हक्कसोडपत्र करून दे.’ आणि शेवटी तुझा प्रश्न : बाबांना सोडू की त्याला?

कोणालाच सोडू नकोस. तू अडकली आहेस ती कारखान्यातलं प्रत्येक काम तुझ्या एकटीच्या हातून जातं म्हणून. काट्यावर तू, कापसात हात घालून ओल बघणारी तू, चेकवर सही तुझी, रात्री गठाणी मोजणारीही तूच. हे आधी मोडायला हवं.

ओलाव्याचं मीटर घे आणि गेटवर तक्ता लाव : ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, १२ च्या वर माल परत. हाताच्या अंदाजात दोन टक्क्यांची चूक सहज होते. ३०० क्विंटलच्या खरेदीत तेवढी चूक म्हणजे ६ क्विंटल पाणी कापसाच्या भावाने घेतलं. तक्ता लागला की शेतकऱ्याशी वाद घालायलाही तू लागत नाहीस. मग रोजचा ताळा. १ क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई (सरकी काढलेला कापूस) आणि ६४ किलो सरकी (कापसाचं बी) निघते, उरते ती घट. १७० किलोच्या गठाणीला ५ क्विंटल कापूस लागतो. मुनीमजींनी खरेदी, रुई, सरकी आणि गठाणी हे चार आकडे रोज रात्री फोनवर पाठवले, की ते नागपुरात बसूनही तपासता येतात. घट सलग दोन दिवस चार टक्क्यांवर गेली तर आधी ओला माल बघ, मग काटा, मग चोरी.

आगीचं मात्र फोनवर चालत नाही. खडा किंवा खिळा जिनिंग यंत्राच्या रोलर-सुरीत सापडला की ठिणगी पडते, धुमसती रुई गठाणीत दाबली जाते आणि काही दिवसांनी गोदामात पेट घेते. तशा गठाणी लगेच वेगळ्या काढून उघड्यावर ठेवणारा एक जबाबदार माणूस प्रत्येक पाळीला नेम.

आता कागद. हक्कसोडपत्रावर सही करू नकोस. मालमत्ता वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासूनचा आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो पक्का केला. लग्नाने तो जात नाही. बाबांची स्वतःची कमाई असेल तर त्यांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावं. फर्म भागीदारीत असेल तर करार काढून वाच : त्यात वेगळं लिहिलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर फर्म विसर्जित होते आणि बँकेची कॅश क्रेडिट (माल खरेदीसाठीची कर्जमर्यादा) ऐन हंगामात अडकू शकते. बाबांनी दिलेलं मुख्तारपत्रही (पॉवर ऑफ अॅटर्नी) त्यांच्यामागे चालत नाही. त्यांची समज शाबूत आहे तोवर तुला भागीदार करून नवा करार नोंदवून घे. काकांना दुखवायची गरज नाही. गावोगावच्या शेतकऱ्यांशी त्यांची ओळख असेल तर खरेदी मानाने त्यांच्याकडे दे, चेकवर मात्र त्यांची एकट्याची सही नको.

त्या मुलाला प्रेमापोटी धंद्यात ओढू नकोस आणि कर्जाला जामीन तर मुळीच घेऊ नकोस. जामीन राहिला की तुझ्या फर्मचं देणं त्याच्या घरावर येतं, आणि मग त्याच्या आईचा राग रास्तच ठरेल. त्याला हंगामात दोन दिवस बोलाव, गाड्यांची रांग बघू दे. मग सरळ विचार : दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत मी इथे राहिले तर चालेल का? मार्चनंतर आवक ओसरते, पावसाळ्यात फक्त रोलर-सुऱ्यांची दुरुस्ती असते, म्हणजे अर्धं वर्ष तू नागपूरला राहू शकतेस. बाबांजवळ रात्री कोण थांबणार, हे तू आणि आईने त्याला विचारण्याआधी ठरवा.

‘हंगाम होऊ दे’ असं त्याला तिसऱ्यांदा सांगू नकोस. थांबणाऱ्याला तो नकारच वाटतो. एप्रिल-मेमधली तारीख ठरव, नवा करार त्याआधी नोंदवून घे, आणि त्याच्या आईला भेटायला तू स्वतः जा. हे वर्षाचं गणित त्यांना तुझ्या तोंडून कळू दे, मुलाकडून नको.

— ताई