जुनी हिमालयन देऊन ४५० घ्यावी का?

मित्रा, तुझी रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन (४११ सीसी) ३८ हजार किलोमीटर चालून थकली, आता ती एक्स्चेंजमध्ये देऊन नवी हिमालयन ४५० घ्यावी का, असं तू विचारलंस. पण ३८ हजार किलोमीटर म्हणजे ४११चं वय झालं असं अजिबात नाही. आधी एक काम कर. गाडी सेंटर स्टँडवर घे, पुढचं चाक हवेत उचल आणि हँडल हळूहळू डावी-उजवीकडे फिरव. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलाय. तू ज्याला ‘गाडी थकली’ म्हणतोयस ते बहुतेक तेच, जोडीला चेनसेट (चेन आणि तिची दातेरी चक्रं) आणि टायर. हा खर्च नव्या गाडीच्या एका-दोन हप्त्यांएवढा.

मग ४५०ची टेस्ट राइड घे, पण शोरूमभोवती चक्कर मारून नाही. मागे बायको आणि सामान घेऊन ताम्हिणी घाट चढ. ४११ला २४ च्या आसपास अश्वशक्ती, ५ गिअर. ४५०ला ४०, ६ गिअर आणि पाण्याने थंड होणारं इंजिन. फरक हायवेवर ओव्हरटेक करताना कळतो. तुझी भटकंती कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर ५०-६०ने चालत असेल तर फारसा नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एक्स्चेंजचा आकडा एकाच ठिकाणी विचारतात. बाहेरही विचार. क्रॅशगार्ड, पॅनिअर (बाजूच्या सामानपेट्या) यांचे वेगळे पैसे मिळत नाहीत, काढून विक.
- आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) नव्या मालकाच्या नावावर ट्रान्सफर झाली का, हे बघत नाहीत. माझी जुनी गाडी दिल्यावर चार महिने तिची चलनं माझ्याच मोबाइलवर येत होती!

सस्पेन्शन, मॅपिंग (इंजिनचं इलेक्ट्रॉनिक सेटिंग) वगैरे नंतर बघू. कोनसेट बघून सांग.