डे लिलीची नर्सरी काढायची तर जुलैत भारताचं तिकीट काढू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ओहायोत कोलंबसपासून तासाभरावर घर घेतलंय, मागे पाच एकर जमीन मोकळी आहे. बायकोला डे लिलीचं भयंकर वेड, आई पण आमच्याकडेच असते आणि तिला मातीत काम केल्याशिवाय करमत नाही. नोकऱ्या सांभाळून घरच्या घरी नर्सरी चालवता येईल का? आणि महागड्या नव्या व्हरायटी घ्याव्यात का?

उत्तर : येईल की, पण आधी सुट्ट्यांचं बघा. तुमच्याकडे बहर साधारण जूनच्या शेवटापासून जुलैभर, आणि लोक फूल डोळ्यांनी बघितल्याशिवाय रोप घेत नाहीत, म्हणजे सगळा धंदा त्या चार-पाच आठवड्यांतल्या शनिवार-रविवारी. नेमकी तेव्हाच पोरांना सुट्टी आणि आपल्या लोकांची भारतवारी! तेव्हा हे आधी घरात बसून ठरवा, रोपं नंतर. सीझन थोडा ताणायचा असेल तर लवकर फुलणाऱ्या, मधल्या आणि उशिराच्या अशा मिसळून लावा. फूल एकच दिवस टिकतं पण दांड्यावर कळ्या भरपूर असतात, त्यामुळे रांग रिकामी दिसत नाही, फक्त गिऱ्हाईक यायच्या आत सुकलेली फुलं खुडायची. ते काम आईंना द्या, त्या खूश.

व्हरायटीचं म्हणाल तर रजिस्टर झालेल्या एक लाखाच्या वर आहेत, सगळ्यांच्या मागे लागलात तर संपलंच. 'स्टेला दे ओरो' ही 1975 ची बुटकी पिवळी, पुन्हा पुन्हा फुलणारी, 1985 मध्ये तिला स्टाउट मेडल, म्हणजे डे लिलीतलं सगळ्यात मानाचं बक्षीस मिळालं, रोप खरंच गुणी आहे पण मोठ्या स्टोअरमध्ये ती स्वस्तात मिळते, तिथं तुम्ही भावात टिकणार नाही. दुसऱ्या टोकाला अगदी नव्या व्हरायटी, एका रोपाला शंभर डॉलर आणि वर, आणि तुमच्याकडे तिचा गड्डा, म्हणजे मुळांसकट फुटव्यांचा झुपका, वाढेपर्यंत बाजारात तिचा भाव पडलेला असतो. मी तर मधल्या घेईन, काही वर्षं जुन्या, स्टोअरमध्ये न दिसणाऱ्या आणि ओहायोच्या थंडीत टिकलेल्या. फ्लोरिडात तयार झालेल्या सदाहरित जाती कॅटलॉगमध्ये फार गोड दिसतात पण तुमच्याकडे त्यातल्या बऱ्याच हिवाळ्यात दगा देतात. पेटंटवाली व्हरायटी असेल तर परवानगीशिवाय गड्डा फोडून विकणं बेकायदा आहे, वीस वर्षं, हे घेतानाच बघायचं.

आता बियांचं, कारण आईंना मोह होणारच. बी रुजतं छान, दोन-तीन वर्षांत फूलही येतं, पण मूळ रोपासारखं येत नाही, म्हणून नावानं विकायचं रोप गड्डा फोडूनच करायचं. बहर ओसरला की ऑगस्टमध्ये काटेफावड्यानं उचला, पाण्यानं माती धुवा म्हणजे कुठून सुटतंय ते दिसतं, दोन-तीन फुटव्यांचा एक तुकडा करा. आणि निम्मा गड्डा परत जमिनीत. हे फार जण करत नाहीत, पहिल्या वर्षी जोरात विक्री होते आणि दुसऱ्या वर्षी विकायला काय, तर रोपांच्या नावाच्या पाट्या! पाट्यांवरून आठवलं, त्या हरणं पाडतात, बर्फ पाडतो, म्हणून कुठल्या रांगेत काय आहे त्याचा नकाशा वहीत हवाच. हरणं कळ्याही एका रात्रीत साफ करतात, कुंपणाचा खर्च पहिल्याच वर्षात धरा.

दक्षिणेकडून माल मागवलात तर वेगळा ठेवा. पानाखाली नारिंगी पावडर बोटाला लागली तर तो तांबेरा, अमेरिकेत 2000 साली आला. पानं पूर्ण मरतात अशा थंडीत तो सहसा टिकत नाही, पण तोपर्यंत गिऱ्हाइकाच्या बागेत जाऊ शकतो आणि मग तुमचं नाव खराब. लायसन्स आणि तपासणीचं राज्याच्या कृषी खात्याला विक्रीच्या आधीच विचारा.

प्रश्न : रस्त्याकडेला इतक्या नारिंगी डे लिली फुललेल्या असतात, त्या खणून आणून विकल्या तर? फुकटच आहेत. (न्यू जर्सी)

उत्तर : आधी ती जागा कुणाची आहे ते विचारा! आणि वाफ्यात तर अजिबात लावू नका. ती फुल्वा, म्हणजे डे लिलीची नारिंगी रानटी जात, तिला बी जवळजवळ धरत नाही पण जमिनीखालून धावते आणि शेजारच्या महागड्या गड्ड्यात शिरते, मग ओळखायचं कसं? लावायचीच असेल तर उतारावर, एकटी. घरात मांजर असेल तर मात्र कुठलीच डे लिली नको, मांजराची किडनी जाते.